बाजूची लाथ

गायीची लाथ उजव्या मांडीवर बसली आणि मेहमूद रिकाम्या बादलीसकट शेणात कोसळला. आठवड्यातली ही तिसरी लाथ होती.

"खुटबावला माघारी धाडा हिला," तो खालूनच ओरडला. "तितल्या सिंधूबाईनं खोडील जनावर गळ्यात मारलंय."

त्याची बायको लालबी पुढे आली, बादली उचलून नळाखाली विसळायला लागली. "मागं हुभं होता का?" तिनं विचारलं.

"मागं न्हाई, बाजूला टेकून हुभा होतो. आपली चांदणी आठव. अठरा वर्षं तिच्या कुशीला टेकलो. एकदा तरी पाय उगारला का तिनं?"

हे यवतमध्ये सगळ्यांना पाठ होतं. चांदणी म्हणजे मेहमूदची वरातीची घोडी. पुढे डीजे, मागे फटाके, मधे नाचणारी पोरं, आणि मेहमूद तिच्या पोटाला खेटून निवांत उभा. घोडीचा जीव आहे माझ्यावर, असं तो सांगे आणि लोक माना डोलवत. मिरवावं असं त्याच्याजवळ एवढंच होतं. गेल्या दिवाळीत घोडी पोटशूळानं गेली, तेव्हापासून तो हे जरा जास्तच सांगू लागला होता.

मुलगी निखत जनावरांच्या डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होती, सुट्टीला आली होती. ही गाय तिनेच पसंत केली होती, त्यामुळे ती माघारी जाऊ देणार नव्हती.

"गाय खोडील नाही, अब्बा. तुम्ही चुकीच्या जागी उभे राहता."

तिने एका हाताची मूठ दुसऱ्या तळव्यात बसवली.

"हा मांडीच्या हाडाचा गोळा आन् ही खुब्याची वाटी. गोळा धरून ठेवायला आत एक दोर असतो. गायीला, शेळीला, आपल्यालाही. घोड्याला आणखी एक असतो, पोटाखालून येऊन गोळ्याला बांधलेला. त्यामुळं घोड्याचा पाय बाजूला फारसा जातच नाही. गायीला तो दुसरा दोर नाही. ती पाय गोल फिरवून बाजूला मारते."

परीक्षेतलं उत्तर घरी उपयोगी पडल्याचा तिला आनंद झाला होता.

मेहमूद उठला. लुंगीला हात पुसायला त्याला बराच वेळ लागला.

"म्हंजी चांदणीला बाजूला मारताच यायचं न्हाई?"

निखतची मूठ तळव्यातच राहिली. आपण काय बोलून बसलो ते तिला आत्ता उमगलं.

"फारसं नाही," ती म्हणाली, आणि घाईघाईने, "पण मागं मारता येतं की! घोड्याची लाथ मागचीच. इतक्या वर्षांत तुम्ही मागंही उभे राहिलाच असाल ना?"

"मागं मी कवाच गेलो न्हाई," मेहमूद म्हणाला. "लाथ बसंल म्हनून."

त्याला लागलं होतं, आणि मांडीला नव्हे.

"मागं मी असायची," नळापासून लालबी म्हणाली. "शेपटाची येणी घालाया. तासभर लागायचा. कदी कदी तितंच डोळा लागायचा माझा, पर ती हालायची न्हाई."

मेहमूदने तिच्याकडे पाहिलं.

"हे तू कवा बोलली न्हाईस."

"तुमीच सांगत होता की समद्यांला," लालबी म्हणाली आणि गायीला थोपटत धार काढायला बसली.