सोळाच्या पुढचे सोमवार

धुळे-साक्री रस्त्यावरची गावं कुणालाही पाठ असतात. हिलाल कंडक्टरला संडास पाठ होते. कुसुंब्याला स्टँडमागे एक, नेरला हॉटेलवाल्याचा, पुढे साक्रीपर्यंत देवाचं नाव.

डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं होतं. मोठ्या आतड्याला सूज, आत जखमा, म्हणून रक्त. गोळ्या लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "झोप लागते का? मनाला कसली धास्ती?"

"साहेब, पोट बिघडलंय. डोकं नाही."

"आजारानं धास्ती लागते, धास्तीनं आजार उसळतो. दोन्हींचं औषध करू."

हिलाल गोळ्या तेवढ्या घेऊन उठला. धास्तीवर त्यानं स्वतःच उपाय काढला: ड्यूटीवर पोटात काही टाकायचंच नाही. कळ उपाशीपोटीही यायची, ते वेगळं.

एकदा ड्रायव्हर वनानं भजी पुढे केली. हिलाल म्हणाला, "आज सोमवार." वार खरा होता, उपास खोटा. वना कौतुकानं घरी येऊन सांगून गेला आणि हिलालच्या माईला, ताईबाईला, पोरगा एकदम पुण्यवान दिसू लागला. हिलालनंही सोमवारचं सोंग तसंच चालू ठेवलं. गल्लीत ती त्याचे सोमवार असे सांगे, जसे काही तिनंच धरलेत.

बाविसाव्या सोमवारी तिनं त्याला धरलं. "सोळाले उद्यापन करनं पडस. मी बठ्ठा सोमवार मोजेल शेतस, हिलाल. देवले का फसाडस?"

पूजेला जोडप्यानं तीन तास बसायचं, मधे उठायचं नाही. त्या आठवड्यात हिलाल रात्रीतून पाच-पाचदा उठला. रक्त वाढलं. बायकोला, पुष्पाबाईला, एवढंच म्हणाला, "गर्दीत उठावं लागलं तर?" आजार तिला ठाऊक होता, माईला न सांगायची मात्र शपथ घातलेली.

उद्यापनाला खोलीत पाहुण्यांची अकरा जोडपी मांडीला मांडी लावून बसली. संडास मागच्या अंगणात, म्हणजे बावीस माणसं ओलांडून. हिलालनं संकल्प सोडायच्या आधीच ती दोनदा मोजली. अभिषेक सुरू झाला आणि पोटात पीळ पडला. कपाळावर घाम. पुष्पाबाईनं त्याच्या हाताला हात लावला, हात गार.

तो उठला.

"बठ!" ताईबाई ओरडली. "देव कोपी जाई!"

"माय, उपास नव्हताच तो," हिलाल म्हणाला. "आतड्यात जखमा आहेत, रक्त जातं. भीतीनं जेवत नव्हतो." आणि बायकांचे पदर, पुरुषांचे गुडघे ओलांडत तो धावला.

परत यायला त्याला पंधरा मिनिटं लागली. त्यातली दहा संडासात, आतून दाराची कडी धरून उभं राहण्यात गेली. आता खोलीत हसतील, नाहीतर पांगले असतील.

कडी काढली तर समोर ताईबाई, हातात पाण्याचा तांब्या. गुरुजींचा मंत्र थांबला होता. आत सगळे बसल्या जागीच होते.

"माले काब्र नही सांगं?"

"तू रडशी म्हनीसन."

"मंग नही रडू का?" ती म्हणाली, आणि तांब्या त्याच्या हातात देऊन अंगणातच, अकरा जोडप्यांना ऐकू जाईल असं रडू लागली.