भावोजींची वेगळी बिस्किटं

भावोजींना हृदयाचा पहिला झटका आला, तेव्हा डॉक्टरांनी लोणी-तूप बंद केलं. जिभेचे चोचले मात्र काही बंद होईनात. मेहुणा बेकरीवाला. त्याने तोड काढली. भावोजींपुरती बिस्किटं तो वनस्पती तुपात करू लागला.

"झाडपाल्याचं आहे, खा बिनधास्त!" तो म्हणायचा.

"मेहुण्याने माझा पार बकरा केलाय," भावोजी बशीतला चहा फुंकत हसायचे.

काही वर्षांनी दुसरा झटका आला. दवाखाना गाठेपर्यंत भावोजी गेले.

पुढे त्याची ताई, भावोजींची बायको, स्वतःची तपासणी करून परस्पर बेकरीत आली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"डॉक्टर म्हणतात, वनस्पती तूप लोण्याहूनही वाईट. खरं का रे?"

त्याला ठाऊकच नव्हतं. तो तडक त्याच डॉक्टरांकडे गेला.

"तेल पातळ असतं," डॉक्टर म्हणाले. "त्यात हायड्रोजन वायू सोडून ते घट्ट करतात. माल टिकतो, खुसखुशीत होतो. पण अर्धवट घट्ट केलेल्या तेलात ट्रान्स फॅट ही घातक चरबी तयार होते. वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, चांगलं घटतं."

"म्हणजे भावोजींना मीच मारलं?"

"असं एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. सिगारेट होती, वय होतं. पण ते द्यायला नको होतं."

त्याने वनस्पतीचे डबे परत पाठवले. सगळाच माल तो लोण्यात आणि साध्या तेलात करू लागला. बिस्किटं लवकर मऊ पडतात म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरली, काही तुटलीही. त्याने मनावर घेतलं नाही.

हे सांगायला तो ताईकडे गेला. बेकरीतल्या त्या दिवसानंतर ती त्याच्याशी बोलली नव्हती. ती भांडी पुसत होती.

"बरं केलंस," ती म्हणाली.

"मग माझ्याशी बोलत का नाहीस? रागावलीस?"

"राग नाही रे. तू मायेनेच केलंस. तेच तर गिळवत नाही मला. वाईट वागला असतास, तर कडाकडा भांडले तरी असते."

त्याला रडू फुटलं. तिने हातातलं फडकं खाली ठेवलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

पुढे ती भावाच्या घरी येत-जात राहिली. बेकरीची पायरी मात्र पुन्हा कधी चढली नाही.