चौथ्या पायाची खूण

थांबा, तो चहाचा कप माझ्यावर ठेवू नका. मी टेबल बोलतोय. जेवायचं नाही, कामाचं टेबल. हे मला कधीपासून सांगायचं होतं, पण परवापर्यंत माझंच इथे राहणं पक्कं नव्हतं. आता बालंट टळलंय, तेव्हा सांगतो.

मला घडवलं एका घायकुत्या सुताराने. तीन पाय झकास जमले, चौथा आखूड निघाला. गडी जीभ चावून हसला आणि खाली लोखंडाचा चौकोनी तुकडा ठोकून मोकळा झाला. तेव्हापासून मी जिथे उभा राहतो तिथे तीन गोल खळगे पडतात आणि एक चौकोनी. वजन तर असं, की मला उचलणाऱ्याच्या तोंडून चांगला शब्द मी अजून ऐकलेला नाही.

इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका बाईने मला विकत घेतलं. साहेबाची रोजची बोलणी खाऊन ती विटली होती. नोकरी सोडली आणि घरूनच कामं घ्यायला लागली. भाड्याच्या त्या घरातली एक लहान खोली तिने माझ्यासाठी मोकळी केली. पलंग नाही, कपाट नाही. ती उभ्याने काम करायची, मीही उभाच. आमचं छान जमलं होतं.

मग गेल्या वर्षी, वर्ष निम्मं सरल्यावर, तिने आणि नवऱ्याने स्वतःचं घर घेतलं आणि माझी रवानगी बाहेरच्या खोलीत झाली. माझ्यावर ताटं आली, वाळलेले कपडे आले, सासूबाईंच्या औषधाच्या बाटल्या आल्या. नकाशा बिचारा एका कोपऱ्यात अंग चोरून बसायचा.

कराचं विवरण भरायची वेळ आली तेव्हा नवरा म्हणाला, "कामाच्या खोलीची वजावट पूर्ण वर्षाची दाखव की. कोण बघायला येतंय?"

"इथे आपण यावर जेवतो," बाई म्हणाली. "जुन्या घरात होतो तेवढ्याच महिन्यांची दाखवणार."

मला तिचा अभिमान वाटला. पण एवढं सरळ वागूनही कर कार्यालयाची विचारणा आलीच. जुन्या घरातली खोली फक्त कामासाठीच होती, याला पुरावा काय?

आता काय दाखवणार, कपाळ? खोली कधीच घरमालकाच्या ताब्यात गेली होती. लोकांच्या घरांचे ढीगभर नकाशे काढणाऱ्या बाईने स्वतःच्या खोलीचा साधा फोटोही काढला नव्हता. वजावट नाकारली तर कर दंडासकट भरायचा, आणि घराच्या हप्त्यांनी आधीच कंबरडं मोडलेलं.

"जुन्या साहेबांना फोन करते," ती हळूच म्हणाली. "घेतील परत."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "मग हे टेबल विकून टाकू. जागा तरी होईल."

सासूबाई माझ्यावर भाजी निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "अगं, डिपॉझिट कापताना त्या खडूस घरमालकाने फोटो पाठवले होते ना?"

"मी बघितलेच नाहीत, आई. राग आला होता, पुसून टाकले."

"मला पण पाठवले होते त्याने. म्हातारीला तरी लाज वाटेल म्हणून. मी ठेवलेत जपून. बहिणीला दाखवते, माणूस किती चिक्कू असतो ते."

फोटोत ती रिकामी खोली होती. लाकडी जमिनीवर तीन गोल खळगे, एक चौकोनी. पलंगाचा ओरखडा नाही, कपाटाची खूण नाही. खाली घरमालकाने लिहिलं होतं, 'या खोलीत त्या अजस्र टेबलाशिवाय कधी काही ठेवलं नाहीत, दिवसभर तिथे नुसतं काम, तरी जमिनीची ही दशा!' आमच्या बाजूने अशी साक्ष सख्ख्या भावानेही दिली नसती.

बाई जमिनीवर पालथी पडली आणि तिने माझ्या पायांचे फोटो काढले. माझा चौथा पाय कुणीतरी वाकून बघण्याची ती पहिलीच वेळ. सगळं पाठवून झालं. मग उत्तर येईपर्यंत येताजाता ती माझ्यावर हात टेकून उभी राहायची, आणि मीही जीव मुठीत धरून होतो.

परवा उत्तर आलं. वजावट मान्य. तिने ते दोनदा मोठ्याने वाचलं, मग माझ्यावर डोकं टेकून रडली आणि रडता रडता हसायला लागली. नवऱ्याने माझ्यावरची ताटं उचलली.

"अडगळीची खोली रिकामी करा," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या ट्रंका माझ्या पलंगाखाली जातील. पुढच्या वर्षी हिला पूर्ण वर्षाचं दाखवता आलं पाहिजे. खरं खरं."

तीच ही खोली. काल नवरा माझ्या पायांखाली लावायला जाड कापडाचे तुकडे घेऊन आला, नवीन जमीन खराब नको म्हणून. तीन पायांना लावले. चौथ्यापाशी आला तशी बाई म्हणाली, "त्याला नको. पडू दे खूण."

तर आता तो कप उचला, आणि जाताना दार ओढून घ्या. आम्हाला काम आहे.