काळ्या मातीत आलेली पाहुणी

मी एक जुनी ऑर्किड आहे. मुकुटबन गावातल्या एका ओसरीत, बांबूच्या टोपलीत टांगलेली. मित्रांनो, मी हळू बोलते म्हणून कंटाळू नका. चार पावसाळे पाहिलेत मी, आणि त्यातल्या एकाने माझी निम्मी मुळं नेली. तेव्हापासून बोलतानाही दम लागतो.

माझा जन्म काचेच्या बाटलीत झाला. नागपूरच्या एका रोपांच्या प्रयोगशाळेत सुरभी नावाची मुलगी कामाला आहे. तिने चिमट्याने उचलून मला बाटलीतून ट्रेमध्ये ठेवलं, आणि मोठी झाल्यावर ट्रेमधून नारळाच्या शेंड्या भरलेल्या प्लास्टिकच्या कुंडीत. तिच्या हातून जगलेली मी पहिली. म्हणून एका दिवाळीला तिने मला मांडीवर घेऊन गावी आणलं आणि आईच्या, कोकिळाबाईंच्या ओंजळीत दिलं.

"माय, हे माह्या हातचं झाड हाये. सांभाळजो."

पहिली दोन वर्षं माझ्या कौतुकाची. जांभळ्या फुलांची दांडी महिनाभर टिकायची. शेजारची दिपाली नवी साडी नेसली की माझ्याजवळ उभी राहून फोटो काढायची. कोकिळाबाई सकाळी चहाआधी मला पाणी देत. तिसऱ्या वर्षी मात्र कुंडीतल्या शेंड्या कुजून चिखल झाल्या. माझी मुळं काठावरून बाहेर लोंबू लागली, जशी गाडीत जागा न मिळालेली माणसं दारात लोंबतात.

"आयकता का," कोकिळाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "झाड मावत नाही आता. कायच्यात लावाचं ते सुरभीले इचारू का?"

"मातीचं आता पोरीले इचारू?" सदाशिवराव हसले. "चाळीस वर्सं झाली मले या मातीत."

मित्रांनो, ते वाईट नव्हते. त्यांनी वावराच्या सगळ्यात चांगल्या कोपऱ्यातली काळी माती आणली. ती उन्हात वाळवली, चाळली, तिच्यात मुरलेलं शेणखत मिसळलं. मोठ्या मातीच्या कुंडीत मला गळ्यापर्यंत बसवून अंगठ्याने हलकेच दाबलं. इतक्या मायेने मला कुणीच कधी गाडलं नव्हतं.

"या मातीत काय येत नाही?" ते म्हणाले. त्याच संध्याकाळी फोनवर मुलीलाही तेच सांगितलं. "तू बी ये आता घरी. तिकडं काय ठेवलं हाये? इथं वावर हाये, घर हाये, काय कमी हाये तुले?"

हे ते दर फोनला म्हणत. पलीकडून सुरभी विचारायची, "जेवले का बाबा?"

मग आषाढ लागला. काळी माती पाणी पिते आणि धरून बसते. कपाशीची ती माय आहे. माझ्या मुळांवर मात्र ती ओल्या गोधडीसारखी पडली. माझी मुळं श्वास घेतात हो, वाऱ्यात. ती एकेक करून तपकिरी झाली, मऊ पडली. पानं पिवळी पडली तसं सदाशिवरावांना वाटलं, तहान लागली असेल. त्यांनी आणखी पाणी घातलं.

झाड मरतंय हे कोकिळाबाईंना कळत होतं. पोळ्याला सुरभी येणार होती. व्हिडिओ कॉल आला की त्या माझी पिवळी बाजू भिंतीकडे फिरवून ठेवत. लेकीने दिलेली एकच वस्तू, तीही हातची जाणार.

अशात एका दुपारी पोडावरची गंगी टोपल्या विकायला आली. कोलामांच्या वस्तीला इथे पोड म्हणतात. टोपल्या उतरवता उतरवता तिची नजर माझ्यावर पडली.

"बाई वं, याले मातीत काहून गाडलं? हे बांद्याच्या जातीचं. मोहाच्या फांदीवर बसते हे. याले वारा लागते."

"माह्या दारात मोह कुठं हाये?" सदाशिवराव फणकारले.

"मोह नाही तं नाही. पन मालक, मले गोधडीत बांधून तोंडात पुरनपोळी कोंबली, तं मी जगीन का?"

कोकिळाबाई खुदकन हसल्या. सदाशिवराव उठून मागच्या अंगणात निघून गेले.

दोघी बायकांनी मला उपसलं, धुतलं. कुजलेली मुळं कोकिळाबाईंनी तापवून घेतलेल्या कात्रीने कापली. सात मुळं उरली. मग प्रश्न आला, भरायचं काय? नुसत्या शेंड्या घ्याव्या तर त्या पाणी धरतात, पुन्हा कुजतील. नुसता कोळसा घ्यावा तर मुकुटबनच्या वैशाखात दुपारपर्यंत मी वाळून जाईन. शेवटी चुलीतला विझलेला कोळसा जास्त आणि धुतलेल्या शेंड्या थोड्या, असं ठरलं. गंगीने विरळ विणीची टोपली पुढे केली.

"खाली जड काही पायजे," ती म्हणाली, "नाही तं वाऱ्यानं उलटन."

तेवढ्यात मागून ठक ठक आवाज आला. सदाशिवराव हातोडीने वीट फोडत होते. सुपारीएवढे तुकडे पंच्यात घेऊन आले, कुणाकडे न बघता टोपलीच्या तळाशी ओतले आणि पुन्हा निघून गेले.

मला आढ्याला टांगताना कोकिळाबाई गुणगुणल्या,

माह्या गं अंगनात, पाहुनी परदेशी,
मातीले भेते बाई, बसे वाऱ्यापाशी.

पोळ्याला सुरभी आली. फूल नव्हतं, पानं चारच. तिने टोपलीत बोट घालून पाहिलं. एका मुळाला हिरवं टोक फुटलं होतं, मुगाएवढं. तिने वडिलांकडे पाहिलं.

"माह्यानं चुकलं," सदाशिवराव म्हणाले. "माती चांगली होती. इचारलं नाही, तेवढं चुकलं."

त्यांनी माझी हलणारी टोपली हाताने स्थिर केली. मग हळूच म्हणाले, "तिकडं नागपूरले... तुले वारा पुरते ना, बाई?"

सुरभीने या वेळी 'जेवले का' विचारलं नाही. ती वडिलांच्या शेजारी ओसरीत बसली आणि नागपूरचं सांगू लागली. दिवे लागले तरी सांगतच होती.

मित्रांनो, मी आता थकले आहे. कापलेली मुळं परत येत नाहीत, नवी यायला वेळ लागतो. तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी आलं तर त्याला तुमच्याकडचं सगळ्यात चांगलं द्याच. पण देण्याआधी एकदा विचारा, तुला कशात बसायला आवडतं? आणि मग उत्तर येईपर्यंत जरा थांबा. आमच्यासारख्यांना बोलायला वेळ लागतो.