पार्वताबाईच्या टोपलीतले पेरू

तानुबाई अमरावतीच्या बाजारातून भातकुलीला परतली, तेव्हा अंगात त्राण म्हणून उरलं नव्हतं. पेरू खपले होते, पण त्याचा आनंद करायलाही दम लागतो. घरात नवरा शालिकराम कुशीवर पडून कण्हत होता. मूळव्याधीचं ऑपरेशन होऊन महिना उलटला नव्हता, तोच दुखणं पुन्हा सुरू.

डॉक्टरांनी बजावलं होतं, "रोज पेरू खा, सालीसकट, बियांसकट. पोटात चोथा गेला नाही, तर पुन्हा टेबलावर यावं लागेल."

धरण उशाला अन् कोरड घशाला म्हणतात ते हेच. घरची पेरूची बाग, अन् मालक पेरूला हात लावेना! सासऱ्याचा दंडक होता, बागवाल्याच्या घरातल्या कुणीही आपल्याच बागेतलं फळ तोंडात घातलं की बरकत गेली. धड माल बाजारात, डागी शेळीला. सासरा गेला, दंडक काही गेला नाही.

"एक खा ना जी," तानुबाई म्हणाली.

"माहा बाप वरून पाहून राहिला."

"त्यायले मूळव्याध नव्हती."

शालिकराम भिंतीकडे वळला. तानुबाईला रडू आलं नाही, रागही धड आला नाही. दवाखान्याच्या फरशीवर बसून काढलेले ते दिवस आठवले, अन् वाटलं, आता पुन्हा आपल्याच्यानं नाही होणार बाप्पा.

दुसऱ्या दिवशी बाजारात तिची नजर शेजारणीच्या टोपलीवर गेली. दर्यापूरकडची पार्वताबाई, तीही पेरूवालीच. दंडक तर आपल्या बागेपुरता होता.

"पार्वताबाई, मले चार पेरू दे वं."

"काहून? तुह्या टोपलीत काय गोटे आहेत?"

"तू दे ना."

आजूबाजूच्या बाया पोट धरून हसल्या. तानुबाईनं हसू दिलं. भांडायला जीव कुठं होता?

संध्याकाळी तिनं पेरू नवऱ्यापुढे ठेवले. "पार्वताबाईच्या बागेतले आहेत. आपले नाहीत."

शालिकरामनं पेरू उलटासुलटा करून पाहिला, हुंगला, अन् दाताखाली धरला. बियांसकट सावकाश चावत राहिला. एक संपला, दुसरा उचलला.

"आपलेबी असेच गोड असतात काय वं?"

तानुबाई चुलीपाशी टेकली होती. सारा जन्म ती गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगत आली होती, साखर आहे म्हणून.

"मले काय मालूम," ती म्हणाली.