फर्गसची जागा

“हनुवटी जरा खाली, उल्हास. बस्स. आता हलू नकोस.”

कॅमेऱ्यामागून हुकूम आला. खरे तर उल्हासराव बिवलकर गेला तासभर हललेच नव्हते. खाडीवरच्या लाकडी धक्क्यावर, एका हिरव्या चिकटपट्टीवर पाय ठेवून, दुसऱ्याचा जाड लोकरी कोट अंगात घालून ते पाण्याकडे तोंड करून उभे होते. नोव्हेंबरचा वारा उजव्या कानात शिरत होता. नाक वाहत होते. पण पुसायचे म्हणजे हात हलणार, हात हलला की सावली हलणार, आणि सावली हलली की कॅमेरामन करवादणार. तेव्हा नाकाला त्यांनी खुशाल वाहू दिले.

उल्हासरावांचा पेशाच हा होता, उभे राहण्याचा. चित्रीकरणाआधी दिवे लावायला, कॅमेरा बसवायला तास-दीड तास लागतो. तेवढा वेळ खऱ्या नटाला ताटकळत ठेवत नाहीत. त्याच्याच उंचीचा, अंगलटीचा आणि रंगाचा माणूस त्याच्या जागी उभा करतात. त्याला म्हणतात स्टँड-इन. जुळवाजुळव झाली की आरोळी उठते, ‘थँक यू, सेकंड टीम! फर्स्ट टीम!’ मग स्टँड-इन बाजूला होतो, खरा नट येऊन त्याच पट्टीवर उभा राहतो आणि कॅमेरा सुरू होतो. उल्हासराव सात वर्षे सेकंड टीममध्ये होते. ते ज्याच्या जागी उभे राहत, तो नट म्हणजे फर्गस रॅट्रे.

आता पुण्याच्या बिवलकरांनी स्कॉटलंडच्या नटाची जागा धरायची, याचे श्रेय आजीकडून आलेल्या गोऱ्या रंगाला आणि घाऱ्या डोळ्यांना. शाळेत ज्या डोळ्यांपायी पोरांनी ‘मांजऱ्या’ म्हणून त्यांना सळो की पळो केले, त्याच डोळ्यांना कॅनडातल्या बर्नाबीच्या स्टुडिओत युनियनचा रेट मिळाला. पिंपरीच्या कारखान्यात पंपांची ड्रॉइंग्ज काढण्यात अर्धी हयात गेलेला माणूस. कॅनडात आल्यावर पहिली नोकरी चार वर्षांत सुटली, दुसरी लागेना. शेजारी म्हणाला, शूटिंगला गर्दीत उभी राहायला माणसे हवी आहेत, जेवण मिळते. गेले, ते तिथेच उभे राहिले.

बिवलकर राहत त्या कोक्विटलामच्या मराठी मंडळींत त्यांच्या पत्नी सुनेत्राबाई “हे फिल्म लाइनमध्ये आहेत” असे सांगत आणि चटकन कोणाच्या तरी बटाटेवड्यांकडे विषय वळवत. मुलगी ईशानी फटकळ. ती म्हणे, “बाबा, यू आर द गाय बिफोर द गाय.” आणि पुण्याहून धाकटे बंधू विलास दर दिवाळीला फोनवर विचारत, “दादा, तुझ्या मालिकेचे सगळे सीझन बघितले. तू दिसत कसा नाहीस रे?”

फर्गस मूळचा डंडीचा, बाप तागाच्या गिरणीत कामाला. सोळाव्या वर्षी नाटक कंपनीत लागला तो पडदे ओढायला. मग भालदार झाला, मग राजाचा दूत, आणि बारा वर्षांनी राजा. लंडनला नाव झाले, टीव्हीवर चेहरा ओळखीचा झाला. चाळिशीत होते नव्हते ते ओतून त्याने स्वतः एक चित्रपट काढला. तो चार थिएटरांत लागला आणि आठवड्यात उतरला. मग तीन आठवड्यांच्या कामासाठी म्हणून कॅनडात आला आणि सव्वीस वर्षे राहिला. इथे त्याने स्कॉटिश पाद्री केले, स्कॉटिश फौजदार केले, एकदा स्कॉटिश भूतसुद्धा केले. अखेर एका मालिकेतला जहाजाचा म्हातारा कप्तान त्याच्या वाट्याला आला, आणि कप्तानाबरोबर उल्हासराव.

बाकीचे नट पट्टीवर येताना स्टँड-इनकडे बघतही नसत. फर्गस पहिल्याच दिवशी थांबला आणि त्याने विचारले, “काय म्हणते जागा?”

उल्हासराव गोंधळले. ड्रॉइंग ऑफिसात असले प्रश्न कोणी विचारत नसे. पण विचारले की खरे ते सांगायचे, एवढे त्यांना ठाऊक होते. “डाव्या डोळ्यात दिवा येतोय,” ते म्हणाले, “आणि टाचेखालची फळी करकरते.”

फर्गसने हनुवटी बोटभर खाली घेतली, टाच जरा उचलून धरली आणि एका दमात शॉट दिला. त्या दिवसापासून तो रोज विचारी, काय म्हणते जागा, आणि उल्हासराव असेल ते सांगत. “नाटकात आपली जागा आपणच तापवायची असते,” फर्गस एकदा म्हणाला होता. “इथे तू मला ती तापवून देतोस.” हे वाक्य उल्हासरावांनी मोठ्या कौतुकाने घरी सांगितले, तेव्हा सुनेत्राबाई म्हणाल्या, “म्हणजे अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखं?” आणि दोघे पोट धरून हसले.

मालिका संपली तेव्हा फर्गस सत्तरीला टेकला होता आणि त्याच्या फुप्फुसांनी असहकार पुकारला होता. तरीही, पहिल्यानंतर तीस वर्षांनी, त्याने दुसरा चित्रपट काढायला घेतला. लिहिणारा तो, दिग्दर्शक तो, नटही तोच. आज त्यातला शेवटचा शॉट होता. बोटीवर गेलेल्या मुलाची वाट बघणारा म्हातारा कॅमेऱ्याकडे पाठ करून धक्क्यावर उभा राहतो आणि हळूच डोक्यावरची टोपी काढतो. एवढेच.

“उल्हास, ऐक.” सहायक दिग्दर्शक डोना जवळ आली होती. ती हळू आवाजात बोलत होती. “फर्गस गाडीत ऑक्सिजनवर आहे. डॉक्टरने तासाभराची परवानगी दिली होती, ती संपत आलीय. कोट तोच, टोपी तीच, आणि पाठ काय, पाठच असते. मी ‘रोल’ म्हणते, तू टोपी काढ. कोणाला कळणारही नाही. क्रेडिट्समध्ये तुझं नाव टाकू.”

“त्याला विचारलंस?”

“विचारलं. तो म्हणाला, उल्हास म्हणेल तसं.”

उल्हासरावांना मोह झाला नाही असे म्हणणे खोटे ठरेल. चांगला घसघशीत मोह झाला. पडद्यावर आपली पाठ दिसते आहे, सुनेत्रा शेजारणीला कोपराने ढोसते आहे, विलास पुण्यात सगळ्या सोसायटीला गोळा करतो आहे, असे सारे क्षणात डोळ्यांपुढून गेले. शिवाय ते फर्गसच्याही भल्याचेच होते. अशा वाऱ्यात त्या माणसाला उभे करायचे म्हणजे जिवाशी खेळ.

त्यांनी नाक पुसले आणि ते गाडीकडे गेले. फर्गसने काच खाली केली. नाकात नळी, ओठ निळसर. सात वर्षांत उल्हासरावांनी त्याला कधी घाबरलेला पाहिले नव्हते. आज तो घाबरलेला होता. मरणाला नव्हे, उल्हास काय म्हणेल याला.

“काय म्हणते जागा?” त्याने विचारले.

“वारा उजवीकडून आहे, झोंबतो,” उल्हासराव म्हणाले. “तिसरी फळी ओली आहे, तिच्यावर पाय देऊ नकोस. उजवीकडे कठडा आहे, पण फ्रेममध्ये येतो, म्हणून धरता येणार नाही.”

“आणि?”

“आणि तापलीय. तासभर उभा होतो मी.”

फर्गस हसला, हसता हसता खोकला, आणि त्याने नाकातली नळी काढून उल्हासरावांच्या हातात दिली. दोघे धक्क्यावरून सावकाश चालत गेले. तिसरी फळी त्यांनी ओलांडली. उल्हासरावांनी कोट काढून त्याच्या अंगात घातला, टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि ते दोन पावले डावीकडे, फ्रेमच्या बाहेर सरकले. माणूस कोसळलाच तर धरायला हात तयार ठेवले.

शॉट दोन मिनिटांचा होता. फर्गस चार मिनिटे उभा राहिला. नटच तो, जागा मिळाल्यावर सोडतोय कसली! टोपी त्याने इतक्या हळू काढली की कॅमेरामनसुद्धा करवादायचे विसरला.

घरी हे ऐकल्यावर सुनेत्राबाईंनी कपाळाला हात लावला. “अहो, एवढं आयतं चालून आलं होतं! मी विलासभावोजींना काय सांगू आता?”

“सांग, बाजूलाच उभा होता.”

“बाजूलाच उभा होता म्हणे,” त्या पुटपुटल्या आणि पाय शेकायला गरम पाण्याची बादली घेऊन आल्या.

मार्चमध्ये बर्नाबीच्या एका लहानशा सभागृहात चित्रपटाचा पहिला खेळ ठेवला. फर्गस तोवर थांबला नाही, फेब्रुवारीतच गेला. चित्रपट मात्र पुरा करून गेला. मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला नेमाने अर्धा तास उशिरा जाणाऱ्या सुनेत्राबाई त्या दिवशी चाळीस मिनिटे आधी, डाळिंबी रंगाची पैठणी नेसून, वर विंटर जॅकेट चढवून तिसऱ्या रांगेत येऊन बसल्या. खेळाआधी चार शब्द बोलायचे होते, त्यासाठी स्टेजवर दिवे लावणे चालले होते. डोनाने सवयीने मधोमध हिरवी पट्टी चिकटवली होती.

“उल्हास, जरा उभा राहतोस? उजेड बघायचाय.”

उल्हासराव गेले आणि उभे राहिले. वरून एक दिवा आला, बाजूने दुसरा. पांढरे केस, घारे डोळे, ईशानीने घेऊन दिलेला कोट, सारे लख्ख दिसू लागले. इतक्या वर्षांत सुनेत्राबाईंनी नवऱ्याला कामावर कधी पाहिलेच नव्हते. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

“थँक यू, सेकंड टीम!” अंधारातून डोना ओरडली. “फर्स्ट टीम!”

तिची वीस वर्षांची सवय. शब्द तोंडातून निघून गेले आणि मग तिने तोंडावर हात घेतला. दिवेवाला शिडीवर थबकला. उल्हासराव मात्र नेहमीसारखे दोन पावले डावीकडे सरकले आणि जागा मोकळी करून, हात पाठीशी बांधून उभे राहिले. कोणी आले नाही. मिनिटभराने ते खाली उतरले आणि बायकोशेजारी येऊन बसले. त्यांना रडू आवरत नव्हते.

“हे असं असतं होय तुमचं काम?” सुनेत्राबाईंनी विचारले.

“हो.”

त्यांनी नवऱ्याचा गार पडलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. “छान उभे होतात हो.”

त्या संध्याकाळी पाच-सहा जण फर्गसबद्दल बोलले. कोणी कोणाला काही सांगितले नव्हते, पण प्रत्येक जण हिरव्या पट्टीच्या एक पाऊल अलीकडे, अर्ध्या अंधारात उभा राहून बोलला.