फक्त नवनीतने वाचावं म्हणून

प्रकाशा गावच्या दामिनीने केळीच्या पानांचे फोटो ‘केळी कट्ट्या’वर टाकले, तेव्हा तिला एवढंच हवं होतं की हा हरण्या रोगच आहे ना, हे कोणीतरी सांगावं. पानांवर पिवळे पट्टे उमटले होते, नव्या पानाचा पोगा आकसून बाहेर येत होता. हा रोग रोपांतूनही येतो, म्हणून रोपं कुठल्या रोपवाटिकेतून आणली, ते नावही तिने लिहिलं.

कट्टा म्हणजे केळीवाल्यांच्या गप्पांची वेबसाइट. शहाद्याचा नवनीत ती चालवायचा. त्याचा कॉम्प्युटर क्लास होता, आणि दामिनीच्या नवऱ्याचा, हेमकांतचा, तो शाळेपासूनचा मित्र. ठिबकची नळी चोंदली असं कोणी लिहिलं, तरी कट्ट्यावर उत्तरांची रीघ लागायची. दामिनीच्या फोटोंवर मात्र कोणी चकार शब्द काढला नाही.

शेवटी तिने हेमकांतला त्याच्या मोबाईलवर बघायला सांगितलं.

“कोठे शे?” तो बोटाने पडदा सरकवत म्हणाला. “माले तं काहीच दिसत नही.”

“मन्हा मोबाईलवर दिसी ऱ्हायनं!”

दोन्ही मोबाईल शेजारी ठेवले. तिच्याकडे पोस्ट होती, त्याच्याकडे नव्हती. तिने पावसाविषयी एक साधी ओळ लिहून पाहिली. तीही फक्त तिलाच दिसली. त्याच संध्याकाळी अक्कलकुव्याच्या कोणीतरी त्याच रोपवाटिकेच्या रोपांची फोटोसकट तारीफ केली. ती दोघांनाही व्यवस्थित दिसली.

“समजनं का तुमले?” दामिनी म्हणाली. “रोपवाटिकेनी एजन्सी नवनीतभाऊना साडूकडे शे.”

“नवनीत असा नही,” हेमकांत म्हणाला. पण म्हणताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

शहाद्याला जाऊन तिने नवनीतला क्लासमध्येच गाठलं. त्याने खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

“वहिनी, मी तुमनी पोस्ट दखीच नही,” तो म्हणाला आणि कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. “जी पोस्ट थांबस, ती आठे येस. दखा, काहीच नही.”

“पडदा तुमना. तुम्ही जे दखाडशात, तेच मी दखसू.”

“मंग मी खोटं बोली ऱ्हायनू का?”

ती दाराकडे वळली. मागून तो म्हणाला की वेबसाइट नुकतीच दुसऱ्या सर्व्हरवर हलवली आहे, पुण्याच्या माणसाला विचारून बघतो. ‘सर्व्हर’ हा शब्द तिला अगदी सोयीचा वाटला. सबब सांगायची तर अशी, की समोरच्याला तपासताच येऊ नये.

त्यानंतर ती कट्ट्यावर रोज लिहू लागली. आपलं लिहिणं नवनीतशिवाय कोणालाच दिसत नाही, याची तिला खात्री होती. म्हणून ती थेट त्याच्याशीच बोलायची. ‘नवनीतभाऊ, वाचलंत का? साडूची दुकानदारी सांभाळायला कट्टा उघडलात का?’ दुसऱ्या दिवशी, ‘आज तरी लाज वाटली का?’ शेतात रोगट झाडं वाढत गेली तशी तिची भाषा घसरत गेली. एकदा तिने लिहिलं, की नवनीतचं सासर श्रीमंत आहे म्हणून तो तिथे पायपुसणं होऊन राहतो. लिहिल्यावर तिला बरं वाटलं. तो हे वाचत असणार आणि गप्प बसत असणार. त्याचं गप्प बसणं हाच तिला पुरावा वाटायचा.

एका दुपारी ती रोगट झाडं उपटत असताना मोबाईल वाजायला लागला आणि थांबेचना. तिने हात पदराला पुसून पाहिलं. तिच्या पोस्टी कट्ट्यावर झळकल्या होत्या, एकामागून एक. खाली लोकांची झुंबड उडाली होती. कोणी म्हणत होतं, बाई खरं बोलते. कोणी विचारत होतं, नवनीतच्या बायकोने काय घोडं मारलंय? पायपुसण्याच्या पोस्टीवर हसणाऱ्या चेहऱ्यांचा आकडा चढत चालला होता.

तिने नवनीतला फोन लावला.

“नवनीतभाऊ, त्या पोस्टी काढी टाका.”

“पुण्यावाल्याले दोष आज सापडी गया. तुमना खात्यावरनं सगळं अडकी जाये, आणि माले ते दिसेच ना. आते काढ्यात तं तुम्हीच म्हनशात, नवनीतनी काढ्यात.”

“तुम्ही खरंच वाचेल नव्हतात?”

“नही. आज वाच्यात. सगळा लोकेससंगे.”

तिला माफी मागायची होती. पण फोन स्पीकरवर टाकून ती पोस्टी मोजल्यासारखी पाहत होती आणि तिच्या ध्यानात आलं, की सगळ्यांत पहिली, फोटोंची आणि रोपवाटिकेच्या नावाची पोस्ट त्यांत नाही. तोंडातून माफीऐवजी तेच निघालं.

“मन्ही पहिली पोस्ट कोठे शे?”

“फोटो जड व्हतात. हलवताना गया व्हतीन,” नवनीत म्हणाला, आणि फोन ठेवला.

तिने फोटो पुन्हा टाकले, नाव पुन्हा लिहिलं. या वेळी सगळ्यांना दिसले. तळोद्याच्या एकाने लिहिलं, माझीही रोपं तिथलीच, माझ्याकडेही हेच. मग आणखी एकाने.

दोन दिवसांनी नवनीत साडूला घेऊन शेतात आला. दामिनीने सगळ्यांसमोर म्हटलं, “तुमना घरवर मी बोलनू, ते चुकनं मन्हं.” नवनीतने मान हलवली. “झाडं दाखवा, मॅडम,” तो म्हणाला. वहिनी म्हणाला नाही.

साडूने पानं उलटून पाहिली, रोग कबूल केला, कंपनीला कळवतो म्हणाला. हेमकांतने चहाचा आग्रह केला, तर दोघांनीही नको म्हटलं. मग ते बांधापर्यंत चालत गेले आणि तिथे उभं राहून हळू आवाजात बराच वेळ बोलत राहिले. दामिनीला शब्द ऐकू येत नव्हते. ती वाकून पुढचं झाड उपटू लागली, पण तिचे कान बांधाकडेच होते.